चौथ्या वेताची गाय आणि केळीचे खांब : दुग्धज्वराचे एक प्रकरण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसहाच्या सुमारास चोपडा तालुक्यातील तापीकाठच्या एका गावातून मला फोन आला. ‘‘डॉक्टरसाहेब, गाय बठी गयी, उठस नही,’’ एवढेच गाईचे मालक आप्पा म्हणाले. गाय कधी व्यायली, असे विचारल्यावर ‘‘काल दुपारी’’ हे उत्तर मिळाले आणि तेवढ्यावर निदानाची निम्मी वाट संपली होती. होलस्टीन संकरित, चौथे वेत, मागच्या वेतात ऐन भरात दिवसाला अठरा-एकोणीस लिटर दूध देणारी ही गाय मला अनोळखी नव्हती. सुमारे चौदा महिन्यांपूर्वी, तिसऱ्या वेताच्या वेळी, ती अशीच बसली होती आणि मीच तिला उठवले होते. हे प्रकरण लिहून काढण्याचे खरे कारण तेच आहे. त्या वेळच्या उपचारात चूक नव्हती, पण उपचार संपल्यावर गोठ्यातून निघताना मी जो सल्ला दिला, तो अपुरा होता, आणि अपुरा सल्ला मनापासून पाळला गेला की काय होते, ते या वेळी मला पाहायला मिळाले.

गोठ्यात पोहोचलो तेव्हा आठ वाजले होते. पाऊस अजून यायचा होता आणि त्या वेळीही पत्र्याखाली उकाडा जाणवत होता. गाय कोब्यावर छातीच्या आधाराने बसलेली होती आणि मान वळवून तोंड कुशीला टेकवलेले होते. मान सरळ करून सोडली की ती पुन्हा तशीच वळत असे. मानेला आलेला नागमोडी बाक बाजूने स्पष्ट दिसत होता. अंगावर मात्र ओली पोती टाकलेली होती. शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी ‘‘हा दुधाचा ताप आहे, आधी ताप उतरवा’’ असे सांगितल्यामुळे पहाटेपासून घरातली मुले तिच्यावर पाणी मारत होती. या आजाराच्या नावाने आजवर किती जनावरांचे नुकसान केले असेल, कोण जाणे. दुग्धज्वर म्हणतात खरे, पण ज्वर त्यात नसतो; व्यायल्यावर रक्तातले कॅल्शियम एकाएकी घटते, तो हा आजार. तापमापक लावला तर ९८.४ अंश फॅरनहाइट भरले, म्हणजे गाईच्या नेहमीच्या साधारण १०१.५ अंशांपेक्षा तीन अंशांनी कमी. मी पोती काढायला लावली आणि आप्पांचा हात धरून गाईच्या कानावर ठेवला. त्या उकाड्यातही कान मुळापासून टोकापर्यंत गार होता. चारही पायांची खुराजवळची बाजू तशीच गार होती. आप्पांनी हात काढला, आपल्या धोतराला पुसला आणि पुन्हा कानावर ठेवून पाहिला.

बाकीची तपासणीही त्याच दिशेने जाणारी होती. नाकपुडी कोरडी ठणठणीत होती, बुबुळे मोठी झालेली होती आणि टॉर्चचा प्रकाश टाकल्यावर ती फारशी आकसत नव्हती. हृदयाचे ठोके मिनिटाला ९६ होते, पण इतके क्षीण, की स्टेथोस्कोप दाबून धरावा लागत होता. डाव्या कुशीवर पोटाची हालचाल शून्य होती आणि थोडा फुगारा होता. शेण आदल्या संध्याकाळपासून पडलेले नव्हते. व्यायल्याला अठरा तास उलटले तरी जार (वार) पडलेला नव्हता. स्नायूंना आकुंचनासाठी कॅल्शियम लागते, ते नसले की पाय उभे राहत नाहीत तसेच गर्भाशयही जार बाहेर टाकू शकत नाही. कास चारही बाजूंनी मऊ होती, दुधात गाठी किंवा पाणी नव्हते. कासदाहाच्या विषबाधेने बसलेली गाय वरवर पाहता अशीच दिसू शकते, म्हणून कास पिळून पाहिल्याशिवाय कॅल्शियमची बाटली उघडू नये, असा माझा शिरस्ता आहे. वासरू अडलेले नव्हते, ओढाताण झाली नव्हती, त्यामुळे कंबरेच्या नसेला मार बसल्याचीही शक्यता नव्हती. लघवीचा रंग नेहमीचा होता. तो लालसर-काळपट असता, विशेषतः म्हशीत, तर स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) कमतरतेचा विचार आधी करावा लागला असता.

आदल्या संध्याकाळची हकीकत मात्र वहिनींकडून मिळाली आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत उपयोगाची नोंद तीच आहे. धार काढायला त्या बसल्या तेव्हा गाय मागचे पाय आलटून पालटून उचलत होती. तिच्या मांडीची कातडी थरथरत होती, आणि माशी नसताना ती अशी का करते, हे त्यांच्या लक्षात राहिले होते. तिने पुढ्यातली ढेप हुंगून सोडून दिली, रात्री दात खाण्याचा आवाज आला आणि गोठ्यातून पाण्याकडे नेताना ती मागच्या अंगाने झोकांड्या देत चालली. ‘‘मी ह्यांना म्हटलं होतं, गाईचं काही खरं नाही,’’ असे त्या म्हणाल्या, आणि आप्पा काही बोलले नाहीत. ही पहिली पायरी होती. या पायरीवर गाय उभी असते, चालते, थोडी बिथरलेली वाटते, आणि ही अवस्था फार तर काही तासच टिकते. त्या वेळी तोंडावाटे दिलेले कॅल्शियमही बहुधा पुरे पडते. दुसऱ्या पायरीवर गाय छातीवर बसते. तिसऱ्या पायरीवर ती एका कुशीवर आडवी होते, पोट फुगते, शुद्ध हरपते आणि मग काही तासांचाच प्रश्न उरतो. आपली गाय दुसऱ्या पायरीवर होती आणि बसून साधारण चार तास झाले होते.

त्या चार तासांत आणखी एक गोष्ट घडली होती. गुळाचे पाणी आणि गोडेतेल एकत्र करून बाटलीने पाजण्याचा प्रयत्न झाला होता. पहिल्या घोटालाच गाईला ठसका लागला, नाकातून तेल आले आणि आजींनी ‘‘राहू द्या रे’’ म्हणून बाटली काढून घेतली. आजींनी त्या दिवशी गाय वाचवली, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. कॅल्शियम घटलेल्या जनावराला नीट गिळता येत नाही. पाजलेले पाणी, तेल, काढा श्वासनलिकेत उतरतो, आणि दुग्धज्वरातून उठलेली गाय आठवडाभराने न्यूमोनियाने मरते. बसलेल्या गाईच्या तोंडात काहीही ओतू नये.

उपचारापूर्वी मानेच्या शिरेतून रक्ताचा नमुना घेतला. त्याचा अहवाल नंतर आला, तो येथेच नोंदवतो : एकूण कॅल्शियम ४.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. निरोगी गाईत ते साधारण ८.५ ते १०.५ असते. स्फुरदही कमी होते, मॅग्नेशियम मात्र ठीक होते. अहवालाची वाट पाहून उपचार करायचे नसतात, पण नमुना उपचाराआधीच घ्यावा लागतो. बाटली चढवल्यानंतर घेतलेल्या रक्तातून काहीच कळत नाही.

कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलिलिटरची बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून अंगाच्या उष्णतेइतकी केली आणि शिरेतून सावकाश द्यायला सुरुवात केली. एक हात बाटलीकडे, कान हृदयाकडे. सुमारे दोन तृतीयांश बाटली गेल्यावर ठोक्यांची लय एकदा चुकली, मग पुन्हा चुकली. बाटली खाली घेतली, प्रवाह थांबवला, दोन मिनिटे ऐकत बसलो आणि लय जागेवर आल्यावर उरलेले आणखी हळू दिले. एकंदर वीस मिनिटे लागली. कॅल्शियम शिरेतून भरभर दिले तर हृदय थांबते. मोसंबीचा रस प्यायल्यासारखी पाच मिनिटांत बाटली रिकामी करणारे हात मी पाहिले आहेत आणि त्याचे परिणामही पाहिले आहेत. दुसरी बाटली मानेच्या आणि बरगड्यांच्या कातडीखाली चार-पाच ठिकाणी विभागून दिली, म्हणजे ती हळूहळू शोषली जाते.

त्यानंतर जे घडते, ते पाहण्यासाठी गावातली माणसे आपोआप जमतात. आधी मांड्यांचे स्नायू थरथरू लागले. मग एक मोठी ढेकर आली. कोरड्या नाकपुडीवर दवासारखे बारीक थेंब उमटले, शेपूट वर झाली आणि वरून चिकट आवरण असलेला शेणाचा घट्ट गोळा पडला. आम्ही तोवर कोब्यावर केळीच्या वाळलेल्या पाल्याचा जाड थर पसरला होता, कारण गुळगुळीत सिमेंटवर अर्धवट उठून घसरलेल्या गाईची मांडी फाकली तर पुढे कॅल्शियमचा काही उपयोग राहत नाही. पस्तीस-चाळीस मिनिटांनी तिने मागचा भाग उचलला, क्षणभर गुडघ्यांवर थांबली आणि उभी राहिली. दुपारी जारही पडला. फार वेळ एकाच कुशीवर बसलेल्या गाईचे स्नायू स्वतःच्या वजनाखाली दबून मरतात, म्हणून मधल्या काळात दर दोन-तीन तासांनी कूस बदलणे हासुद्धा उपचाराचाच भाग असतो. येथे ती वेळ आली नाही.

मागच्या वेळी मी याच टप्प्यावर चहा पिऊन निघालो होतो. जाताना म्हणालो होतो, ‘‘कॅल्शियम कमी पडलं, आप्पा. गाभणपणात कॅल्शियम चांगलं द्या.’’

आप्पांनी ते दिले होते. खुंटीवर टांगलेल्या पिशवीतून त्यांनी मला द्रवरूप कॅल्शियमच्या पाच लिटरच्या दोन रिकाम्या कॅन काढून दाखवल्या. गाय आटवल्यापासून, म्हणजे विण्याआधी दूध काढणे थांबवल्यापासून, रोज १०० मिलिलिटर, एकही दिवस न चुकवता. त्याशिवाय ‘‘हिरवं कॅल्शियम’’ म्हणून रोज पंधरा किलो लसूणघास. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यातील वादळात त्यांची मृगबागेची केळी निम्मी आडवी झाली, तेव्हा ते खांब वाया जाऊ नयेत म्हणून त्यांची कुट्टी करून गाभण गाईंना भरपूर घातली होती. वादळ आणि गाय विणे यांत साधारण तीन आठवड्यांचे अंतर होते. ते तीन आठवडेच या आजाराच्या दृष्टीने निर्णायक असतात.

हे नीट समजून घेण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. गाईच्या रक्तद्रवात एका वेळी अवघे तीन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम फिरत असते. एक लिटर चिकात ते दोन ग्रॅमहून थोडे जास्त असते. आप्पांच्या घरी व्यायल्यानंतरच्या पहिल्याच धारेला दहा लिटर चीक काढला गेला, कारण खरवसासाठी भाऊबंदांत आणि गल्लीत चीक वाटायची पद्धत आहे. म्हणजे वीस-तेवीस ग्रॅम कॅल्शियम, रक्तातल्या साठ्याच्या सात पट, एका बादलीत बाहेर गेले. हा खड्डा गाय बाहेरच्या चाऱ्यातून तेवढ्या वेळात भरून काढू शकत नाही. तिला हाडांतले कॅल्शियम काढावे लागते आणि आतड्यातून जास्त शोषावे लागते. गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडून हाडांना, मूत्रपिंडांना आणि त्यांच्यामार्फत ड जीवनसत्त्वाला या कामाला लावतात. हे यंत्र पूर्ण वेगात यायला एक ते दोन दिवस लागतात. विण्याच्या वेळी ते आधीपासून धीम्या गतीने चालू असेल तर निभावते, बंद पडलेले असेल तर गाय बसते. पहिलारू कालवडीची हाडे अजून वाढत असतात, यंत्र चालूच असते, म्हणून ती सहसा बसत नाही. तिसऱ्या वेतापासून पुढे, आणि जितके दूध जास्त तितका, धोका वाढत जातो.

रोज पंधरा किलो लसूणघासातून चाळीस ग्रॅमच्या घरात कॅल्शियम मिळते. आटलेल्या गाईला इतक्याची गरज नसते. न मागता पुरवठा होत राहिला की ग्रंथी स्वस्थ होतात. द्रवरूप कॅल्शियमच्या १०० मिलिलिटरमध्ये सामान्यतः काही ग्रॅमच कॅल्शियम असते, त्यामुळे त्या दोन कॅनने गाईचे फारसे बिघडवले नाही, आप्पांच्या खिशाचे मात्र बिघडवले.

केळीच्या खांबांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि खान्देशापुरती अधिक महत्त्वाची. खांबात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, पण जो कोरडा भाग उरतो, त्यात पालाश (पोटॅशियम) फार. केळी हे पीकच पालाशावर जगणारे आहे आणि आपण ठिबकमधून ते तिला महिनोन्‌महिने पाजत असतो. लसूणघासातही पालाश भरपूर असते. चाऱ्यातील पालाश आणि सोडियम एका बाजूला, क्लोराइड आणि गंधक दुसऱ्या बाजूला, असा तोल धरला तर पहिले पारडे जड झाल्यावर गाईचे रक्त किंचित अल्कधर्मी होते. अशा रक्तात पॅराथायरॉइडचे संप्रेरक हाडांच्या आणि मूत्रपिंडांच्या दाराशी पोहोचते, दार ठोठावते, पण आतल्याला ते नीट ऐकू जात नाही. गाईच्या सांगाड्यात किलोगणती कॅल्शियम असूनही रक्तात ते उतरत नाही. दुग्धज्वराला कॅल्शियमची कमतरता म्हणणे म्हणजे विहीर भरलेली असताना मोटार न चालल्याने पिकाला ताण बसला, तर त्याला पाण्याचा दुष्काळ म्हणण्यासारखे आहे.

हे केवळ तर्कावर सोडावे लागले नाही. मी ओट्यावर बसून हे सांगत असतानाच दावणीच्या दुसऱ्या टोकाला बांधलेली, दीड महिन्यावर आलेली गाभण गाय लघवीला उभी राहिली. माझ्या पेटीत सामू (पीएच) तपासण्याच्या कागदी पट्ट्या होत्या. पट्टी धारेखाली धरली, ती पिवळ्यावरून गर्द हिरवट-निळी झाली. सामू आठाच्या वर होता, म्हणजे लघवी अल्कधर्मी होती. आप्पांनी ती पट्टी मागून घेतली आणि चष्मा चढवून डबीवरच्या रंगांशी लावून पाहिली. पुढच्या सगळ्या सांगण्यापेक्षा त्या पट्टीचा परिणाम जास्त झाला, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाय पुन्हा बसली. असे चार-पाचातील एखाद्या गाईच्या बाबतीत होतेच, पण येथे कारण समोर होते : सकाळी पुन्हा कास पूर्ण रिकामी केली गेली होती. चीक मागायला माणसे आली आणि नाही म्हणवले नाही. पुन्हा एक बाटली शिरेतून दिली आणि पुढचे दोन दिवस वासरापुरताच, तीन-चार लिटर, चीक काढायचा, असे आजींसमोर ठरवून घेतले. कॅल्शियमचे महत्त्व कळण्याच्या कितीतरी आधी पशुवैद्य याच तत्त्वावर गाई वाचवत होते. १८९७ मध्ये डेन्मार्कमधील कोल्डिंगच्या श्मिट यांनी कासेत औषधी द्रावण भरण्याचा उपचार काढला आणि पुढे नुसती हवा भरली तरी गाय उठते, हे लक्षात आले. कासेतील दाब वाढला की दूध उतरणे थांबते आणि रक्तातले कॅल्शियम रक्तातच राहते. खरा दोष रक्तातील कॅल्शियमचा आहे, ही मांडणी ड्रायर आणि ग्रेग यांनी १९२५ मध्ये केली. माझ्या उमेदवारीत एका वृद्ध पशुवैद्यांनी सायकलच्या पंपाने उठवलेल्या गाईंच्या गोष्टी मला सांगितल्या होत्या. आज तो मार्ग कोणी धरू नये, कारण कासदाहाचा धोका मोठा असतो, पण त्या पंपामागचे तत्त्व आजही गोठ्यात लागू आहे.

प्रतिबंधाची खरी परीक्षा पुढच्या वेताला झाली. विण्याच्या तारखेआधी एकवीस दिवस गाय वेगळ्या खुंट्याला बांधली. लसूणघास आणि केळीचे खांब पूर्ण बंद केले. त्यांच्या जागी दादर ज्वारीच्या कडब्याची कुट्टी, थोडा मक्याचा भरडा आणि रोज एक किलो ढेप. कोणाच्या तरी सांगण्यावरून खुराकात पडणारा खाण्याचा सोडाही बंद केला, कारण सोड्यातील सोडियम तेच पारडे जड करते. क्लोराइड आणि गंधक देणारे आम्लधर्मी क्षारमिश्रण, मॅग्नेशियमसह, खुराकात मिसळून सुरू केले. हे क्षार कडवट असतात. पहिल्या दिवशी गाईने घमेले उलटवले, मग भरड्यात थोडे गुळाचे पाणी शिंपडल्यावर ती ते खाऊ लागली. मात्रा ठरवण्यासाठी आठवड्यातून दोनदा लघवीचा सामू पाहिला. होलस्टीन जातीत तो सहा ते पावणेसातच्या दरम्यान आला की क्षार काम करत आहेत असे धरायचे. सहाव्या दिवशी तो ६.६ वर आला. एकदा तो साडेपाचाच्या खाली गेला आणि गाईने चारा कमी केला, तेव्हा मात्रा घटवली. पट्टीशिवाय हे क्षार देणे मला धोक्याचे वाटते. ज्यांना पट्टी आणि क्षार दोन्ही शक्य नाहीत, त्यांनी निदान शेवटचे तीन आठवडे खांब आणि लसूणघास गाभण गाईपासून दूर ठेवले, तरी बरेच साधते. ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचे इंजेक्शन मी दिले नाही. ते विण्याच्या दोन ते आठ दिवस आधीच पडावे लागते, आणि आपल्याकडे रेतनाची तारीख बहुतेक वेळा ‘‘पोळ्याच्या पुढेमागे’’ अशी सांगितली जाते.

व्यायल्याबरोबर, गाय उभी असताना आणि नीट गिळत असताना, कॅल्शियम जेलची एक नळी तोंडावाटे दिली आणि बारा तासांनी दुसरी. चीक वासरापुरताच काढला. वहिनींनी त्या रात्री दर दोन तासांनी उठून कान चाचपला. पहाटे चारला त्यांना डावा कान थोडा गार लागला, त्यांनी लगेच फोन केला आणि मी एक बाटली कातडीखाली द्यायला गेलो. गाय उभी होती, रवंथ करत होती, मांडी किंचित थरथरत होती. जार त्याआधीच, सहा तासांत, पडला होता. ती बसली नाही. एका गाईच्या एका वेतावरून हा उपाय सिद्ध झाला असे मी म्हणणार नाही. पण रक्तात कॅल्शियम घटूनही न बसणाऱ्या गाई गोठ्यात बसणाऱ्यांपेक्षा जास्त असतात. त्यांचे जार अडकतात, सडांची तोंडे सैल राहिल्याने त्यांना कासदाह होतो, आणि तो खर्च कोणी कॅल्शियमच्या खात्यावर मांडत नाही.

पाचव्या दिवशी आप्पांचा पुन्हा फोन आला. बागेत कापणी चालू होती, खांबांचा ढीग बांधावर पडला होता आणि व्यायलेल्या गाईला ते आता चालतील का, एवढेच त्यांना विचारायचे होते. दुभत्या गाईला पालाशाचे तसे वावडे नसते, म्हणून थोडेथोडे सुरू करा, असे मी सांगितले. ‘‘अन् दुसरी गाभण शे, तिले?’’ त्यांनी विचारले, आणि मी उत्तर देण्याआधीच मागून वहिनींचा आवाज आला, की तिला कालच वेगळ्या खुंट्याला बांधली आहे.